गिटार आली, गाणे केव्हा येणार?

'रॉक' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. लांब केस वाढविलेली पोरे, कानठळ्या बसविणारी वाद्ये, अंधारात लुकलुकणारे दिवे आणि न कळणारे इंग्रजी शब्द. हे चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु ते फार अपुरे आहे. या देशात हे संगीत साठ वर्षांहून अधिक काळ वाजत आले आहे. एवढ्या काळात एखादे झाड बाहेरून आणून लावलेले असले तरी ते या मातीचे झाले की नाही, याचा हिशेब मांडता येतो. तो मांडण्याची वेळ आता आली आहे.

कारण हा केवळ एका गानप्रकाराचा इतिहास नाही. चित्रपटनिर्मात्याची मागणी नसताना, सरकारी अनुदानाची आशा नसताना, केवळ स्वतःला काही सांगावयाचे आहे म्हणून एखाद्या तरुणाने गाणे रचले, तर ते त्याने गावे कोठे, कोणत्या भाषेत, आणि लोकांपर्यंत न्यावे कोणत्या मार्गाने, या प्रश्नाचा हा इतिहास आहे. मुंबई, कलकत्ता, दिल्ली येथील तरुणांनी त्याची निरनिराळी उत्तरे शोधली. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी तर तो अजून नीट विचारलाही गेलेला नाही. तेव्हा 'आम्हांला या रॉकशी काय कर्तव्य?' असे म्हणणाऱ्या शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्यानेही या इतिहासाकडे एकवार पाहावे, अशी विनंती आहे.

उसनी वाद्ये, उसनी गाणी

मुंबईत पाश्चात्त्य वाद्ये वाजविणारांची परंपरा रॉकच्या फार आधीची आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले वादक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. 'चिक चॉकलेट' या टोपणनावाने गाजलेले ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. १९५१ च्या 'अलबेला'तील गाण्यांत जो वेगळाच ठेका ऐकू येतो त्यात अशा वादकांचा वाटा मोठा आहे. पण हे कलावंत दुसऱ्याच्या गाण्यासाठी वाजवीत होते. त्यांची नावे श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचली.

बीटल्सची कीर्ती जगभर पसरल्यानंतर, म्हणजे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, आपल्या मोठ्या शहरांतून तरुणांचे गट उभे राहू लागले. मुंबईत 'द सॅव्हेजेस' होते, मद्रासमध्ये 'द मस्टँग्ज', कलकत्त्यात 'द ग्रेट बेअर', बंगलोरात 'ह्यूमन बाँडेज'. ही मुले बहुतांशी इंग्रजी शाळांतील होती. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरचे कडक निर्बंध यांमुळे विजेवर चालणारी गिटार मिळविणे हे त्या काळी एक दिव्यच होते. कोणी जहाजावरील खलाशाकडून ती आणवी, कोणी कलकत्त्यात बनणाऱ्या 'गिव्हसन' गिटारीवर भागवी, तर कोणी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ध्वनिवर्धक जुळवून घेई.

या हौशी गटांना पहिला मोठा आश्रय दिला तो एका सिगारेट कंपनीने. 'सिमला' या छापाच्या सिगारेटींच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनीने अखिल भारतीय 'सिमला बीट' स्पर्धा भरविल्या, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांतील निवडक गटांच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. पुढे कित्येक वर्षांनी परदेशातील संग्राहकांनी त्या धुंडाळून काढल्या व तेथे त्यांचे पुनःप्रकाशनही झाले. आपल्याकडे मात्र त्या स्पर्धांची आठवण जवळजवळ पुसली गेली. त्या तबकड्यांतील वादनात कौशल्य दिसते आणि उमेदही दिसते. पण गाणे लंडनचे की भायखळ्याचे हे ओळखण्याजोगी खूण त्यात थोडी. आश्रय जाहिरातीचा होता. जाहिरातीची गरज संपताच तोही संपला. दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या भाषेत उभे राहिलेले संगीत किती काळ टिकते, याचा हा पहिला धडा म्हणावा लागेल.

कलकत्त्याने धरलेली वाट

दुसरा धडा कलकत्त्याचा. १९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी यांनी 'मोहिनेर घोडागुली' हा गट स्थापन केला. नाव घेतले ते जीवनानंद दास यांच्या एका कवितेतून. वाद्ये गिटारची, पण भाषा बंगाली, बाऊलांच्या गाण्यांशी नाते सांगणारी आणि विषय कलकत्त्याच्या त्या अस्वस्थ दिवसांचा. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांना फारसे श्रोते मिळाले नाहीत. रवींद्रसंगीतावर वाढलेल्या भद्रलोकाला हा प्रकार रुचला नाही आणि १९८१ मध्ये गट मोडला.

पण गोष्ट येथे संपली नाही. १९९५ साली गौतम चट्टोपाध्यायांनी नव्या पिढीच्या गायकांना हाताशी धरून जुनी-नवी गाणी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा वीस वर्षांपूर्वी नाकारलेले ते संगीत बंगाली तरुणांनी डोक्यावर घेतले. १९९९ मध्ये चट्टोपाध्याय गेले. परंतु तोवर बंगालीतून गाणाऱ्या बँडांची एक चळवळच उभी राहिली होती. मातृभाषेत पेरलेले बी उशिरा का होईना उगवते, एवढे तरी यावरून दिसते. 'सिमला बीट'च्या वाट्याला संग्राहक आले. 'मोहिनेर घोडागुली'च्या वाट्याला वारस आले. या दोहोंत जे अंतर आहे ते भाषेचे आहे.

मराठीचे भरलेले घर

मग मराठीत असे का झाले नाही? मराठी तरुणांत वादक नव्हते म्हणावे तर तसे नाही. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचे पुत्र नंदू भेंडे हे सत्तरच्या दशकातील मुंबईच्या रॉक गायकांत अग्रगण्य होते. 'व्हेलव्हेट फॉग' आणि 'सॅव्हेजेस' या गटांतून ते गायले. अलेक पदमसी यांनी १९७४ च्या सुमारास मुंबईत सादर केलेल्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेत जूडासची भूमिका त्यांनी केली. पुढे १९७८ मध्ये ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर 'तीन पैशाचा तमाशा' पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील अंकुशच्या भूमिकेत हेच नंदू भेंडे उभे होते. भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर त्या नाटकाच्या संगीतातही त्यांचा हात होता. नाट्यपद, लावणी आणि रॉक एकाच रंगमंचावर एकमेकांशेजारी बसले, आणि मराठी प्रेक्षकाने ते हसत स्वीकारले. २०१४ साली नंदू भेंडे यांचे निधन झाले तेव्हा मात्र नव्या पिढीतील फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते.

म्हणजे मराठीत रॉक आला होता; तो नाटकाच्या दाराने आला आणि नाटकाचा पडदा पडताच निघून गेला. त्याचा स्वतंत्र संसार उभा राहिला नाही, याचे एक कारण असे की मराठी माणसाचे संगीताचे घर आधीच भरलेले होते. हिंदीत चित्रपटगीताने बाकी सारे गाणे गिळून टाकले. मराठीत तसे घडले नाही. ग. ना. जोशी, गजानन वाटवे यांच्यापासून चालत आलेले भावगीत होते, नाट्यसंगीत होते, अभंग होते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाले. चित्रपटाचा आधार नसलेल्या गाण्याला एवढा मोठा श्रोतृवर्ग लाभल्याचे उदाहरण अन्य भारतीय भाषांत शोधावे लागेल. कवितेचे गाणे करण्याची ही सवय मराठीचे मोठेच भाग्य होय. परंतु भरल्या घरात नव्या पाहुण्याला जागा मिळत नाही. तरुणाचे एकाकीपण, त्याचा राग, नोकरीसाठी वणवण, शहराची घुसमट हे विषय भावगीताच्या ओसरीवर बसणारे नव्हते. ते कवितेत आले, दलित साहित्यात धगधगून आले, नाटकात आले. गाण्यात मात्र अंग चोरून राहिले.

आपण न मोजलेले संगीत

असे म्हणताना एक मोठा अपवाद करावा लागतो, आणि तो आपल्या वर्गाच्या नजरेआड राहिलेला आहे. 'स्वतंत्र संगीत' म्हणजे चित्रपटाबाहेर, स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या लोकांसाठी केलेले संगीत, अशी व्याख्या केली तर महाराष्ट्रातील खरे स्वतंत्र संगीत गिटारवाल्यांनी नव्हे तर ढोलकीवाल्यांनी निर्माण केले.

सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत ध्वनिमुद्रणाचा धंदा एच.एम.व्ही. आणि तिच्या एकदोन प्रतिस्पर्ध्यांच्या मुठीत होता. तबकडी काढणे खर्चाचे काम. कोणाची काढावयाची हे कंपनीचे अधिकारी ठरवीत. कॅसेटने ही मूठ उघडली. स्वस्तातील टेपरेकॉर्डर घरोघर, चहाच्या टपरीवर आणि ट्रकमध्ये पोहोचला, कोरी फीत स्वस्त झाली आणि लहानसहान कंपन्याही हजारांनी कॅसेटी काढू लागल्या. वामनदादा कर्डक आणि त्यांच्या परंपरेतील शाहिरांनी रचलेली भीमगीते, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, आनंद शिंदे यांचे 'नवीन पोपट', वेसाव्याच्या काशीराम चिंचय आणि मंडळींची कोळीगीते, हे सारे गाणे मुख्यतः या फितींवर स्वार होऊन महाराष्ट्रभर फिरले. त्यास कोणी 'इंडिपेंडंट' म्हटले नाही. सुशिक्षितांनी तर 'लग्नाच्या मांडवातला गोंगाट' म्हणून त्याची बोळवण केली. परंतु आपली बोली, आपला ठेका, आपले श्रोते आणि आपला बाजार या चारही गोष्टी ज्याच्याजवळ होत्या असे गाणे त्या काळी दुसरे कोणते होते?

याच कॅसेटने आपल्या शेजारी गोव्यातही एक नवल घडविले. मुंबईत वास्तुशास्त्र शिकून परतलेल्या रेमो फर्नांडिस यांनी शिवोली या आपल्या गावी, घरच्या घरी, चार पदरी टेपरेकॉर्डरवर स्वतःच सारी वाद्ये वाजवून व स्वतःच गाऊन 'गोअन क्रेझी' हा संग्रह तयार केला. वर्ष १९८४. मोठ्या कंपन्यांचा उंबरठा न झिजविता त्यांनी कॅसेटी स्कूटरवर लादून गोव्यातील दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या. गाणी इंग्रजी होती. पण त्यांत गोव्याची माणसे, गोव्याचे राजकारण, गोव्याचा विनोद होता. पुढे देशभर कीर्ती मिळाली, २००७ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण खरी गोष्ट घडली ती एका खेड्यात, एका खोलीत. गाण्याला महानगर लागते या समजुतीस बसलेला हा पहिला मोठा धक्का होता.

रंगभवन : एका जागेची कथा

त्याच वर्षी, १९८४ मध्ये, मुंबईत 'रॉक मशीन' हा गट उभा राहिला. महेश तिनईकर, उदय बेनेगल, मार्क सेल्विन अशी त्यातील नावे. १९८८ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला, तो त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा. तोवर परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करणारा गट श्रेष्ठ समजला जाई; ही रीत मोडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी 'रॉक मशीन'ला जाते. १९९३ मध्ये त्यांनी आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' केले आणि संगीतातही तबल्यासारखी येथली वाद्ये आणली.

या साऱ्यांना एकत्र आणणारी जागा होती धोबीतलावचे रंगभवन. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव वर्षानुवर्षे या खुल्या नाट्यगृहाशी जोडला गेला. गावोगावचे नवे गट तेथे आपली पहिली हजेरी लावीत. प्रवेशमूल्य विद्यार्थ्याच्या खिशाला झेपण्याजोगे असे. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतताक्षेत्र ठरला आणि २००३ च्या सुमारास रंगभवनातील कार्यक्रम बंद झाले. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असताना ध्वनिवर्धकांना आळा घालणे गैर होते असे कोणी म्हणणार नाही. आजाऱ्याची झोप ही कोणाच्याही गाण्यापेक्षा मोलाची आहे. परंतु एक जागा काढून घेताना दुसरी देण्याचे भान शासनास राहिले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यानंतर मुंबईतील हे संगीत मद्यगृहांत आणि महागड्या क्लबांत गेले. २००७ मध्ये लोअर परळला सुरू झालेले 'ब्लू फ्रॉग' त्यांत नामांकित. तेही २०१६ मध्ये बंद पडले. विद्यार्थ्याच्या आवाक्यातील जागा गेली की कला श्रीमंतांची होते. रंगभवनाची कथा ही त्याची साक्ष आहे.

याच काळातील एक गोष्ट जिल्ह्याच्या गावांतील वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. भारतीय रॉकला ज्या नियतकालिकाने एकत्र गुंफले ते 'रॉक स्ट्रीट जर्नल' मुंबईहून निघाले नाही, दिल्लीहूनही नाही. अमित सैगल यांनी ते १९९३ मध्ये अलाहाबादेत सुरू केले. हिंदी साहित्याचे आणि उच्च न्यायालयाचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरातून या मासिकाने देशभरातील बँडांची दखल घेतली, त्यांची गाणी संकलित करून वाचकांपर्यंत पोहोचविली, आणि पुढे 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सवही भरविला. रेमोची खोली आणि सैगल यांचे मासिक ही दोन उदाहरणे समोर असता 'लहान गावात काय होणार?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

भाषा परत आली

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी 'इंडिपॉप'ची लाट आणली. अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' १९९५ चे, लकी अली यांचे 'सुनोह' पुढच्याच वर्षीचे. मराठीतही मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'ने महाविद्यालयीन तरुणांना वेड लावले. २००३ पासून सलील कुलकर्णी व संदीप खरे यांच्या 'आयुष्यावर बोलू काही'ने केवळ स्वतःच्या कविता आणि स्वतःच्या चाली यांवर गावोगावची नाट्यगृहे भरविली. वाहिन्यांनी आपला मोहरा पुन्हा चित्रपटाकडे वळविताच 'इंडिपॉप' ओसरले. 'आयुष्यावर बोलू काही' मात्र टिकले, कारण त्याचा आधार वाहिनी हा नव्हता. तिकीट काढून येणारा श्रोता हा होता.

दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने २००० सालच्या 'कंदिसा'तून दाखवून दिले की गिटार आणि तबला, लोकधून आणि रॉक यांचे एकजीव मिश्रण होऊ शकते. त्यांच्या 'मा रेवा' या गाण्याची मुळे नर्मदा खोऱ्यातील लोकांच्या आंदोलनात होती. पुढे केरळातील 'अवियल'ने मलयाळम रॉक लोकप्रिय केला. पुण्यात २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव भरू लागला, आणि पुण्याचाच 'अग्नी' हा गट हिंदीबरोबर मराठीतही गाऊ लागला. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'ने संतांचे अभंग गिटार व ड्रमच्या साथीने तरुणांपुढे ठेवले. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाने आरे जंगलातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. जंगल वाचविण्याच्या लढ्याला त्यातून नवा आवाज मिळाला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे परदेशातील नृत्यगृहांपर्यंत गेले. या प्रत्येक प्रयोगाच्या दर्जाबद्दल मतभेद असू शकतील. परंतु १९७० साली ज्या तरुणाला मातृभाषेत गाण्याची लाज वाटत होती त्याचा नातू आज बोलीतून गातो आहे आणि जग ऐकते आहे, हे सत्य नाकारता येणार नाही.

परकेपणाचा आक्षेप

यावर एक नेहमीचा आक्षेप असा, की हे सारे मूलतः परके आहे. आपल्या समृद्ध परंपरेस त्याची गरज काय? कोकणाने तरी हा आक्षेप घेऊ नये. गुहागर तालुक्यातील अडूरचे गोविंदराव पटवर्धन यांनी ऑर्गन आणि हार्मोनियम या वाद्यांतून नाट्यसंगीताला जे वैभव दिले त्याचा अभिमान आपण आजही बाळगतो. ही दोन्ही वाद्ये युरोपातून आली. हार्मोनियम परकी म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले, आणि १९७१ पर्यंत, म्हणजे तीन दशके, ती बंदी टिकली. त्या तीन दशकांत देवळातले भजन, नाटकाचे पद आणि शाळेची प्रार्थना या वाद्यावाचून अडून राहिली नाहीत, आणि वाद्यही त्यांना सोडून गेले नाही. वाद्य कोठून आले याला महत्त्व नाही. त्यावर कोणाचे गाणे वाजते याला आहे. गिटारच्या बाबतीत हाच न्याय लावावयास हवा.

रत्नागिरीने काय करावे?

आणि खरे पाहता आपल्या जिल्ह्यात स्वतंत्र गाण्याची वाण कधीच नव्हती. गणपतीत गावोगाव जाखडी रंगते. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची, सवाल-जबाब झडतात. शिमग्याला नमन-खेळे निघतात. गण, गवळण, संकासूर, वग यांत रात्र सरते. गावचा शाहीर दर वर्षी नवी गाणी रचतो. महागाई, निवडणूक, चाकरमान्यांची दैना यांवर टीका करतो. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांनी हेच शक्ती-तुऱ्याचे सामने परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकिटे लावून भरविले. कोणत्याही कंपनीच्या मदतीशिवाय चाललेले हे संगीत आहे. त्यात अलीकडे एक उणीव जाणवते. शब्द शाहिराचे असतात, पण चाल बहुधा चालू चित्रपटातून उचललेली असते. दुसरीकडे शहरातील मुलगा गिटार शिकतो, पण तिच्यावर हिंदी आणि इंग्रजी गाणीच वाजवितो. एकाजवळ शब्द आहेत आणि चाल उसनी आहे. दुसऱ्याजवळ स्वर आहेत आणि शब्द उसने आहेत. ही दोन मुले एकाच एस.टी.ने प्रवास करतात, कदाचित एकाच वर्गात बसतात, आणि त्यांची कधी गाठ पडत नाही.

ही गाठ घालून देणे फारसे खर्चाचे नाही. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गायनाच्या स्पर्धा होतातच. त्यांत स्वरचित गीत आणि स्वतः बांधलेली चाल यांसाठी एक वेगळे पारितोषिक ठेवावे. नगरपरिषदेने आपल्या सभागृहातील एखादी दुपार, महिन्यातून एकदा, नाममात्र भाड्याने अशा तरुणांना द्यावी. दुपारची वेळ असल्याने आवाजाच्या नियमांचाही भंग होणार नाही. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राने या गाण्यांतील निवडक ध्वनिमुद्रित करावीत. मराठीच्या शिक्षकांनी एक काम अंगावर घ्यावे. आपल्या गावच्या शाहिराच्या वह्या आणि जुन्या कॅसेटी गोळा करून त्यांची नक्कल काढून ठेवावी. कोकणच्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी धरण्यास वेळ लागत नाही. आज जपले नाही तर पुढल्या पिढीला जपावयास काही उरणार नाही. 'सिमला बीट'च्या तबकड्या जपल्या त्या परदेशी संग्राहकांनी. आमच्या शाहिरांच्या फिती जपावयास परदेशातून कोणी येणार नाही.

आणखी एक गोष्ट गीतकार व शाहिरांच्या कानी घालणे अगत्याचे आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनावरील हक्क अधिक बळकट केला. ध्वनिमुद्रण दुसऱ्याने केले म्हणून रचनाकाराचा वाटा आपोआप बुडत नाही. स्वतःच्या रचनेवर तारीख घालून ती लिहून ठेवणे आणि कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी तो वाचणे, एवढी दक्षता तरी घ्यावी. कॅसेटच्या काळात कित्येकांनी एकरकमी मानधनावर आपली गाणी देऊन टाकली आणि पुढे ती गाणी बाजारात गाजत असता ते घरी बसून ऐकत राहिले. आता कॅसेट गेली, हातातल्या फोनवर गाणे आले. पण न वाचता सही करण्याची सवय जावयास हवी.

साठ वर्षांच्या या इतिहासात पैसा आला आणि गेला, कंपन्या आल्या आणि गेल्या, नाट्यगृहे उघडली आणि बंद पडली. टिकले ते एवढेच, जे आपल्या भाषेत, आपल्या लोकांपुढे उभे राहून गायले गेले. रत्नागिरीच्या तरुणाजवळ आज वाद्य आहे, ध्वनिमुद्रणाचे साधन त्याच्या खिशात आहे, आणि शाहिरीची परंपरा त्याच्या अंगणात आहे. त्याला हवी आहे ती गावाने दिलेली थोडी जागा आणि 'हे तुझे स्वतःचे गाणे का?' असे आस्थेने विचारणारा एखादा वडीलधारा माणूस. हा प्रश्न विचारणे आपल्यापैकी कोणालाही अवघड नाही.